हसत नसतील, पण नमस्काराला चुकत नाहीत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला चेक देशाच्या सहलीवरचा लेख मुलीने मला मोबाइलवर दाखवला. फोटो सुरेख आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण लेखकमहाशयांनी शेवटी शेरा मारला आहे : 'माणसं खडूस, दुकानदार वसकन अंगावर येणारे, कुणाच्या तोंडावर हसू म्हणून नाही.' तो वाचून मला राहवेना. मी त्याच देशातल्या ब्रनो शहरात नऊ वर्षं राहते आहे. त्याआधी एकतीस वर्षं टपाल खात्यात काउंटरवर बसले. काउंटरच्या आतून गिऱ्हाईक कसं दिसतं ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून लेखकांना एकच विचारते : दुकानात शिरताना तुम्ही 'दोब्री देन' म्हणालात का?

'दोब्री देन' म्हणजे शब्दशः 'चांगला दिवस', आपला नमस्कारच. इथे दुकानात पाऊल टाकलं की म्हणायचं, निघताना 'ना स्खलेदानोऊ' म्हणजे 'पुन्हा भेटू' म्हणायचं. काही घ्या, न घ्या. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत गेलात तर बसलेल्या सगळ्यांना मिळून एकदा म्हणायचं. सहा अनोळखी माणसं मान वर करून उलट म्हणतील आणि पुन्हा आपापल्या मासिकात डोकं घालतील. (तिथे डॉक्टरांचं दार मात्र वाजवायचं नाही. 'टकटक करू नये, सिस्टर बाहेर येईल' अशी पाटीच असते बहुतेक ठिकाणी. मी एकदा वाजवलं होतं. पुन्हा वाजवलं नाही.) रेल्वेच्या डब्यात समोर बसताना म्हणायचं, लिफ्टमध्ये म्हणायचं. न बोलता आत शिरून थेट 'हे केवढ्याला?' विचारणारा माणूस त्यांच्या लेखी उद्धट. त्यावर तो दुकानदार जे तोंड करतो, त्याचा फोटो तुमच्या लेखकांनी शब्दांत काढलाय.

माझंही असंच झालं होतं. आम्ही पानेलाकमध्ये राहतो, म्हणजे कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती एकमेकींना जोडून उभ्या केलेल्या जुन्या इमारती, समाजवादी राजवटीतल्या. चौथा मजला. पहिले दोन महिने मी लिफ्टमध्ये आपली मान खाली घालून उभी. परक्या देशात, परक्या माणसांत, बाईमाणसाने आपणहून कशाला बोला, हा माझा विचार. वरच्या मजल्यावरची बाई, साधारण माझ्याच वयाची, रोज भेटायची आणि रोज तिचा चेहरा आणखी आंबट व्हायचा. मी मुलीला म्हटलंसुद्धा, 'या बाईला आपला रंग आवडत नाही वाटतं.' मुलगी म्हणाली, 'आई, अगं, तू तिला नमस्कार करत नाहीस. तिला वाटतं तुला तीच आवडत नाही.' दुसऱ्या दिवशी लिफ्टचं दार उघडताच मी 'दोब्री देन' म्हटलं. ती हसली नाही. पण तिने माझ्या हातातली भाजीची पिशवी घेतली, आमच्या दारापर्यंत आणून दिली आणि परत लिफ्टमध्ये शिरून वर गेली. आज तीच माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण आहे.

आता भाषेबद्दल. प्रवासवर्णनं वाचून लोकांना वाटतं चेक म्हणजे फार अवघड प्रकरण. उच्चार अवघड आहेत, कबूल. 'र' आणि 'झ' एकदम काढायचा जो त्यांचा 'र्झ' आहे तो मला या जन्मी जमणार नाही. पण रीत अवघड नाही, निदान मराठी माणसाला तरी नाही. त्यांच्यातही 'तू' आणि 'तुम्ही' आहे : 'ति' आणि 'वि'. अनोळखी मोठ्या माणसाला, दुकानात, ऑफिसात, शिक्षकांना 'वि'. घरात, मित्रांत, लहान मुलांना 'ति'. आपल्याकडे ओळख वाढली की अहो-जाहोवरून अरे-तुरेवर कधी घसरलो ते कळत नाही. इथे ते रीतसर होतं : वयाने मोठी व्यक्ती, किंवा पुरुषापुढे बाई, आपणहून सुचवते की आता आपण एकमेकांना 'ति' म्हणू या. मग पुन्हा हात मिळवायचा, आपापलं पाळण्यातलं नाव सांगायचं, आणि बऱ्याचदा पेला भिडवायचा. माझ्या वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला हे सुचवायला चार वर्षं लागली. लहानाने आधी सुचवायचं नसतं, हे तुमच्याकडून शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगा.

एक फसगत मात्र आपल्याच लोकांची होते. बरोबरीच्यांना भेटताना ते 'आहोय' म्हणतात. आपल्या कानाला ते 'अहो' वाटतं, म्हणजे आदराचं. आहे बरोबर उलट! 'आहोय' हे अरे-तुरेतलं. माझे एक परिचित बँकेच्या साहेबांना मोठ्या अदबीने, किंचित वाकून 'आहोय' म्हणून आले होते.

त्यांना सात विभक्त्या आहेत आणि पाचवी निव्वळ हाक मारायची. आपण नाही का 'बाळ'चं 'बाळा' आणि 'देव'चं 'देवा' करत? तसंच. पेत्रला हाक मारताना 'पेत्र्झे', याना नावाच्या मुलीला 'यानो', आजीला, म्हणजे 'बाबिच्का'ला, 'बाबिच्को'. नावाचं मूळ रूप तसंच्या तसं हाकारलं तर समजतात, पण चुकल्यासारखं वाटतं त्यांना. माझी नात शाळेतून आली की बाईंना हाक मारायची नक्कल करायची, 'पानी उचितेल्को!' मी आपली पाण्याचा पेला घेऊन धावायची. 'पानी' म्हणजे 'श्रीमती' हे मला कितीतरी दिवसांनी कळलं.

पदव्यांचा त्यांना सोस आहे, हे मात्र खरं. दाराच्या पाटीवर, टपालपेटीवर नावाआधी इंजिनिअर, मॅजिस्टर, डॉक्टर असं सगळं लिहिलेलं असतं आणि हाकही 'पाने दोक्तोरे', 'पाने इन्झेनीरे' अशी. बायकांच्या आडनावाला शेवटी 'ओवा' लागतं. नोवाक साहेबांची बायको नोवाकोवा. परदेशी बाईलाही सोडत नाहीत; इथल्या वर्तमानपत्रांत आपल्या पंतप्रधान होत्या त्या इंदिरा गांधीओवा! २०२२ सालापासून हे 'ओवा' लावायचं की नाही ते चेक बायकांना स्वतः ठरवता येतं, कारण द्यावं लागत नाही. मी माझं आडनाव या पत्राखाली देत नाही ते याच भीतीने, असं समजा.

फुलांचं सांगते, कारण ते अजून आठवलं तरी कानाच्या पाळ्या गरम होतात.

जूनच्या अखेरीस शाळेत प्रगतिपुस्तकं मिळतात. त्या दिवशी मुलं वर्गशिक्षिकेला फुलं नेतात, हा इथला रिवाज. नात पहिलीत होती. मुलगी कामावर, जावई गावाला. म्हटलं, आपण आणू. कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे गेले, बोटांनी बारा दाखवले. डझन! आपल्याला डझनच सुचतो. तिने पांढरे गुलाब काढले, अकरा झाल्यावर थांबली, माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा बारा दाखवले. तिने आवाज खाली आणून काहीतरी विचारलं, 'ना पोहर्झेप?' मला वाटलं विचारतेय, आणखी काही हवं का? मी म्हटलं, 'नो, नो.' तिचा चेहराच बदलला. फार हळुवार हातांनी तिने गुच्छ बांधला, मधे गडद हिरवी पानं घातली, सुटे पैसे परत देताना माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, 'उपर्झीमनोऊ सोऊस्त्रास्त.' मी मनात म्हटलं, काय गोड बाई आहे! आणि सगळ्यात ठसक्यात 'द्येकुयी', म्हणजे आभारी आहे, म्हणून बाहेर पडले.

मुलगी घरी आली, गुच्छ बघितला, फुलं मोजली आणि मटकन खुर्चीत बसली. समसंख्येची फुलं इथे मयताला नेतात. आनंदाच्या प्रसंगी एक, तीन, पाच, सात, नऊ, अशी विषमच. 'पोहर्झेप' म्हणजे अंत्यविधी. आणि चेक लोक बोलताना 'हो'ला 'आनो' म्हणतात, पण घाईत, गप्पांत त्याचं नुसतं 'नो' होतं. म्हणजे फुलवालीने विचारलं, 'मयतासाठी का हो?' आणि मी म्हटलं होतं, 'हो, हो.' पुढे जे ती म्हणाली ते सांत्वन होतं. ठसक्यात आभार मानले मी त्याचे.

एक गुलाब काढून स्टीलच्या पेल्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, पांढऱ्याच्या मधे नातीने तिची पिवळी रिबीन बांधली, आणि सकाळी अकरा फुलं शाळेत गेली. जाताना मुलीने आणखी एक बजावलं : द्यायच्या आधी वरचा कागद काढायचा. कागदासकट फुलं हातात द्यायची नसतात. शेवंती तर न्यायचीच नाही कुणाच्या घरी. ती नोव्हेंबरात थडग्यांवर वाहायची. दोन नोव्हेंबरला, दुशिच्कीला, म्हणजे गेलेल्यांची आठवण काढायच्या दिवशी, सगळी चेक कुटुंबं दफनभूमीत जाऊन दिवे लावतात. संध्याकाळी लांबून बघितलं तर डोंगरउतारावर दीपोत्सव वाटतो.

चपला दाराशी काढायच्या, हे आपल्याला शिकवायला नको. पण आपण काढतो आणि अनवाणी आत जातो, ते त्यांना बघवत नाही. यजमान लगेच घरातल्या सपाता पुढे करतात. ब्रनोत त्यांना पापुचे म्हणतात. प्रत्येक घरी पाहुण्यांसाठी वेगवेगळ्या मापांचे जोड असतात, शाळेत मुलांचे वेगळे असतात. घालायचे. 'नको नको, माझे पाय स्वच्छ आहेत' हे बोलायचं नाही. मी बोलले होते.

तीन वाजता कॉफीला बोलावलं म्हणजे तीन. सव्वातीन नाही, आणि पावणेतीनही नाही. न कळवता जाण्याचा तर प्रश्नच नाही. गंमत म्हणजे याच ब्रनोत पेत्रोव टेकडीवरच्या कॅथेड्रलची घंटा दुपारी बाराचे टोल अकरालाच देते. १६४५ मध्ये स्वीडिश सैन्याने शहराला वेढा घातला, बारापर्यंत शहर पडलं नाही तर वेढा उठवीन असं सेनापती म्हणाला, म्हणून गावकऱ्यांनी तासभर आधीच घंटा वाजवली, अशी कथा सांगतात. तेव्हापासूनचं हे. एवढी एक सूट सोडली तर वेळ म्हणजे वेळ.

बिअरच्या बाबतीत माझा अधिकार शून्य. माणशी बिअर पिण्यात हा देश जगात पहिला, आणि जावयाने मला एकदा इथली बिअरची खानावळ आतून दाखवायचा चंगच बांधला होता. मी कोफोला घेतला. १९६० पासूनचं त्यांचं देशी काळं सरबत, नळातून काढतात, जरासं काढ्यासारखं लागतं, मला आवडलं. शाकाहारी माणसाला तळलेलं चीज हा तिथला एकमेव आधार. बघितलं ते असं : टेबलावर वेटर एक कागदाची चिठ्ठी ठेवतो आणि दर पेल्याला पेन्सिलने एक रेघ ओढतो. ती चिठ्ठी म्हणजेच बिल, तिच्यावर आपण काही खरडायचं नाही. पेला संपला की न विचारता दुसरा येऊ शकतो. नको असेल तर वेळीच सांगायचं किंवा पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती पेल्यावर ठेवायची. जुन्या पेल्यातली उरलेली बिअर नव्यात ओतायची नाही, त्याने शेजारच्या टेबलावरचे म्हातारे हळहळतात. पेले भिडवताना 'ना झ्द्रावी' म्हणायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, पेल्याकडे नाही. ३७२ कोरुना झाले तर 'चारशे' असं तोंडाने सांगून पैसे द्यायचे, उरलेले त्याचे. पिण्याचा आग्रह झालाच, विशेषतः आमच्या ब्रनोकडच्या मोराव्हिया भागात घरी काढलेल्या स्लिवोवित्सेचा, म्हणजे प्लमच्या दारूचा, तर तीन शब्द उपयोगी पडतात : 'गाडी चालवायची आहे.' चालकाला इथे एक थेंबही चालत नाही, कायदाच आहे, आणि त्यापुढे कुणी आग्रह करत नाही. माझ्याकडे गाडी नाही, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

जेवताना खणखणीत नाक शिंकरणं मात्र त्यांच्यात चालतं. ते मला नऊ वर्षांत सोसलेलं नाही, आणि सोसणारही नाही.

आता थोडं आपल्याकडे बघू या. ब्रनोत ट्रामला 'शालिना' म्हणतात. (प्रागमध्ये हा शब्द वापरलात तर हसतील, इथे 'ट्राम' म्हणालात तर समजतील तुम्ही बाहेरचे.) शालिनेत पन्नास माणसं असली तरी देवळासारखी शांतता. म्हातारी चढली की कॉलेजची मुलं उठतात, मला कधी मागावं लागलेलं नाही. आणि त्या शांततेत मागच्या उन्हाळ्यात आपल्या मंडळींचा एक गट चढला. एकाने डब्याच्या या टोकाकडून त्या टोकाला विचारलं, 'अरे, शेंगदाण्याची चटणी कुणाकडे आहे?' दुसऱ्याने स्पीकरवर व्हिडिओ कॉल लावला. कुणी काही बोललं नाही. सगळे नुसते बघत राहिले, आणि मी साडीतली, माझ्याकडेही बघत राहिले. माझा थांबा दोन पुढे होता, मी आधीच उतरले. प्रागच्या मेट्रोत सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्यांना सोडायची, हेही याच मंडळींना सांगायला हवं.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळणं हा कायदा आहे. पण दिवसा आवाज होणार असेल तरी लोक लिफ्टमध्ये चिठ्ठी लावतात : अमुक दिवशी भिंतीला भोकं पाडणार आहोत, क्षमस्व. आमच्याकडे गणपती बसतो. मुलीने पहिल्या वर्षी तशीच चिठ्ठी लावली : सात वाजता दहा मिनिटं घंटा वाजेल आणि आम्ही मोठ्याने गाऊ. सात वाजता दारावर वरच्या मजल्यावरची बाई उभी, हातात पाच गुलाब. बरोबर आणखी तिघं. आरती होईपर्यंत एकजण हलला नाही, मोदक मात्र दोघांनीच खाल्ले.

वाढदिवसाइतकाच त्यांना नावाचा दिवस प्यारा. कॅलेंडरवर जवळजवळ प्रत्येक तारखेला एक नाव छापलेलं असतं, १९ मार्च योसेफचा, २४ जुलै क्रिस्तिनाचा, आणि त्या नावाच्या माणसाला सगळे शुभेच्छा देतात. वय विचारावं लागत नाही हा त्यातला मोठा फायदा. (वय आणि पगार, दोन्ही विचारू नये. आपण पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही विचारतो.) माझं नाव त्या कॅलेंडरात कुठून असणार? मैत्रिणीने ते मला तीन वेळा म्हणायला लावलं, 'अन्नपूर्णा', मग बोट उचललं : 'आना!' कॅलेंडर काढून २६ जुलैवर टिचकी मारली. तेव्हापासून दर २६ जुलैला ती जर्दाळूचा केक घेऊन येते आणि दारातच म्हणते, 'स्वाता आना, ख्लादना झ राना.' संत अ‍ॅनाच्या दिवसापासून सकाळी गारवा सुटतो, अशी त्यांची म्हण आहे.

ईस्टरच्या सोमवारचा त्यांचा रिवाज मला पटलेला नाही. मुलगे विलोच्या फांद्यांची वेणी घालून घरोघर जातात आणि मुलींना त्याने हलके फटके मारतात, मुलींनी उलट त्यांना रंगवलेली अंडी द्यायची. त्याने बाई वर्षभर टवटवीत राहते म्हणे. नात म्हणाली, 'आजी, मला नको.' मी मैत्रिणीला भीतभीत विचारलं, दार नाही उघडलं तर वाईट दिसेल का? ती म्हणाली, 'मी वीस वर्षं उघडलेलं नाही.' नाताळचं मात्र मला सगळं आवडतं. २४ डिसेंबरच्या आधी रस्त्यांवर पिंपात जिवंत कार्प मासे विकायला येतात तेवढं सोडून. माशाचं एक खवलं पाकिटात ठेवलं की वर्षभर पैसा टिकतो. मैत्रिणीने दिलेलं खवलं माझ्या पर्समध्ये अंगाऱ्याच्या पुडीशेजारी आहे. शाकाहारी असले म्हणून काय झालं!

आपल्या लेखात आणखी दोन चुका आहेत, त्या दुरुस्त कराव्यात. चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश १ जानेवारी १९९३ पासून नाही. त्या दिवशी त्याचे दोन देश झाले. आणि या भागाला 'पूर्व युरोप' म्हटलेलं इथे कुणालाही रुचत नाही, ते स्वतःला मध्य युरोपातले म्हणवतात. नकाशा उघडून बघा, प्राग व्हिएन्नाच्याही पश्चिमेला आहे.

यंदा नातीने शाळेसाठी फुलं आणायला पुन्हा मलाच पाठवलं. फुलवाली तीच. 'दोब्री देन' झालं. तिने पिवळे गुलाब उचलले, मोठ्याने एकेक मोजत अकरापर्यंत आली, थांबली आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघत म्हणाली, 'नो?'

मी म्हटलं, 'नो.'

आपली वाचक,
अन्नपूर्णा
ब्रनो, चेक प्रजासत्ताक